कलकत्त्याचा चीनेपाडा

कलकत्त्याहून दक्षिणेला बजबज ओलांडून पुढे गेलं की हुगळीच्या काठी अछीपूर हे गाव लागतं. नदीलगत घोड्याच्या नालेच्या आकाराची, लाल रंगाने रंगवलेली एक कबर आहे आणि तिथून थोड्या अंतरावर एक जुनं चिनी देऊळ. देवळात भूमिदेव आणि भूमिदेवी अशी जोडी बसवलेली आहे. आसपासचे बंगाली गावकरी त्यांना खुदा-खुदी म्हणतात. चिनी नववर्षाच्या सुमारास कलकत्त्यातली चिनी कुटुंबं गाड्या करून इथे येतात, उदबत्त्या लावतात, फळं आणि मांसाचा नैवेद्य दाखवतात आणि मूळपुरुषाच्या कबरीला नमस्कार करून परततात. भारतातल्या चिनी वस्तीचा इतिहास सांगायला घेतला की तो इथूनच सुरू करावा लागतो.

कबरीतला माणूस ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत टाँग अछू या नावाने येतो, चिनी परंपरेत यांग ताई चाऊ या नावाने. तो 1780 च्या आसपास बंगालमध्ये आला. दिवसभरात घोडा जेवढी जमीन पालथी घालील तेवढी तुझी, असं गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने त्याला सांगितल्याची दंतकथा आहे. कागदपत्रांतली गोष्ट साधी आहे: 650 बिघे जमीन, वर्षाला 45 रुपये खंड. तिथे त्याने उसाची लागवड केली, साखरेचा कारखाना घातला आणि त्यासाठी चीनमधून शंभरावर मजूर आणले. हे मजूर मात्र गावात टिकेनात. जहाजांवरून पळालेले चिनी खलाशी कलकत्त्यात आधीच येऊन राहिले होते. ते माझ्या माणसांना फूस लावून शहरात नेतात, अशी तक्रार अछूने कंपनी सरकारकडे केली आणि 1781 साली सरकारने त्याच्या बाजूने ताकीदही काढली. तिचा फार उपयोग झाला नसावा. 1783 साली अछू वारला, कारखाना बंद पडला, जमीन विकली गेली आणि उरलेली माणसंही शहराच्या वाटेला लागली. गावाला त्याचं नाव राहिलं. माणसं मात्र लालबाजारच्या मागच्या गल्ल्यांत गेली.

ही वाट खुली राहिली ती अफूमुळे, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. बिहारात पिकलेली अफू कंपनी कलकत्त्यात लिलावाने विकायची, खाजगी जहाजं ती कँटनच्या किनाऱ्याला न्यायची आणि येताना चहा, रेशीम, चिनी माती भरून आणायची. त्याच जहाजांवरून सुतार, मोची, खलाशी येत-जात राहिले. इकडे मुंबईच्या पारशी आणि गुजराती व्यापाऱ्यांनी माळव्याच्या अफूवर पेढ्या उभ्या केल्या तोही हाच व्यापार. मुंबईत त्यातून वाडे आणि धर्मादाय रुग्णालयं उभी राहिली. कलकत्त्यात त्याच व्यापाराच्या कडेकडेने एक वस्ती वाढली.

वस्ती वाढली त्या भागाला टिरेटा बाजार म्हणतात. एडवर्ड टिरेटा हा इटलीतल्या ट्रेव्हिसोचा माणूस. कॅसानोव्हाच्या आठवणींत भेटतो तोच हा. युरोपातून परागंदा होऊन तो कलकत्त्यात आला, इथे रस्ते आणि इमारतींचा अधीक्षक झाला आणि स्वतःचा बाजार बांधून बसला. पुढे त्याचं दिवाळं वाजलं आणि बाजार हातचा गेला. एका इटालियनाच्या नावाचा बाजार, बंगाली-मारवाडी शहराच्या मधोमध, आणि त्यात चिनी वस्ती. कलकत्त्याचा हा भाग पहिल्यापासूनच असा सरमिसळ आहे. शेजारी बोहरी, पारशी, अर्मेनियन, ज्यू यांच्या पेढ्या आणि प्रार्थनास्थळं होती. इंग्रजांचं गोरं शहर आणि देशी लोकांचं काळं शहर यांच्यामध्ये जो करडा पट्टा होता, त्यातच ही सगळी माणसं मावली.

1837 च्या गणतीत कलकत्त्यात 362 चिनी होते. वीस वर्षांनी या वस्तीचं पहिलं नीट वर्णन लिहिलं गेलं आणि ते ज्या कारणाने लिहिलं गेलं ते विलक्षण आहे. दुसऱ्या अफूयुद्धात इंग्रजांनी कँटनचा सुभेदार ये मिंगचेन याला 1858 च्या जानेवारीत पकडलं आणि कैदी म्हणून कलकत्त्याला आणून टॉलीगंजमध्ये ठेवलं. पुढच्याच वर्षी तो तिथेच मेला. त्याचा दुभाषा म्हणून आलेला चॅलोनर अ‍ॅलाबास्टर हा तरुण इंग्रज फावल्या वेळात शहरातल्या चिनी लोकांमध्ये हिंडला आणि त्याने ‘कलकत्ता रिव्ह्यू’मध्ये त्यांच्याबद्दल लेख लिहिला. त्यात कासीटोल्याचे, म्हणजे आजच्या बेंटिंक स्ट्रीटचे, चिनी मोची आहेत, सुतार आहेत, डुकराची चरबी काढणारे आहेत, अफूची दुकानं आहेत. सुभेदार कैदेत, आणि त्याच्याच मुलखातली माणसं दोन-तीन कोसांवर बूट शिवताहेत.

या वस्तीचं खरं रूप कळायचं तर चिनी हा एकच शब्द पुरत नाही. आलेली माणसं चीनच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतली, वेगवेगळ्या बोली बोलणारी होती आणि बोलीगणिक धंदा वेगळा होता. कँटनकडचे लोक सुतार. ते खिदिरपूरच्या गोद्यांत जहाजांचं काम करत आणि साहेबांच्या बंगल्यांचं फर्निचर बनवत. हुबेइ प्रांतातले लोक दातांचे वैद्य. हक्का लोक आधी बुटांत आणि मग कातड्यात गेले. एकाची बोली दुसऱ्याला कळेलच असं नव्हतं. लग्नं आपापसांत, जेवणं आपापली. महाराष्ट्रातल्या जुन्या शहरांमधल्या पेठा ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे समजावायला नको. कासार आळी, तांबट आळी, बुरूड आळी अशी जी मांडणी आपल्याकडे जातीने केली, ती इथे बोलीने आणि मूळ गावाने केली.

म्हणूनच टिरेटा बाजारात हिंडताना दुकानांपेक्षा ‘चर्च’ पाहावीत असं माझं मत आहे. ही चर्च म्हणजे देवळंच. इंग्रजी अमदानीत देवस्थानाला चर्च म्हणायची पद्धत पडली आणि ती पाट्यांवर राहिली. छातावाला गल्लीत 1905 सालचं सी इप चर्च आहे. ते करुणेची देवी ग्वान यिन हिचं. ब्लॅकबर्न लेनमध्ये तूंग ऑन चर्च, वीर ग्वान यू याचं. दामझेन लेनमधलं नाम सून सगळ्यांत जुनं, 1820 सालचं मानतात. बाहेरून ही साधी दुमजली घरं वाटतात. आत शिरलं की लाल आणि सोनेरी रंगांचं कोरीव लाकूड, घंटा, जुनी शस्त्रं, भविष्य पाहायच्या बांबूच्या काड्या.

पण देऊळ हा या वास्तूंचा अर्धाच भाग होता. दुसरा अर्धा म्हणजे गाववाल्यांचं मंडळ. सी इप म्हणजे ग्वांगडोंग या कँटनच्या प्रांतातले चार जिल्हे. त्या चार जिल्ह्यांतून आलेल्यांचं ते मंडळ. नाम सून म्हणजे नामहोई आणि शुंडाक या दोन जिल्ह्यांचं. नवा माणूस जहाजातून उतरला की आधी इथे येई. झोपायला जागा, पहिली नोकरी, घरी पाठवायच्या पत्राला लिहिणारा, मेल्यावर अंत्यविधीची सोय, सगळं मंडळ बघे. संध्याकाळी माजाँगचा डाव पडे. मुंबईतल्या गिरणगावात कोकणातून किंवा घाटावरून आलेल्या माणसाला गाववाल्यांच्या खोल्यांचा जसा आधार होता तसाच हा, फक्त इथे त्या आधाराला स्वतःचा देव आणि स्वतःची इमारत होती. सी वोई युन लियाँग फुथ चर्च हे 1908 सालचं. त्यातले युन आणि लियाँग हे दोन बुद्ध सीहुई या एका जिल्ह्याचे लोकदैवत. माणसं गेली की त्यांच्याबरोबर गावदेवही गेले. आपल्याकडचा चाकरमानी हे लगेच ओळखेल.

या वस्तीचा एक भाग 1910 च्या आसपास पूर्वेकडे सरकला. शहराच्या बाहेर, कालव्यांच्या पलीकडे, धापाच्या कचराभूमीजवळ टांगरा नावाची दलदलीची जागा होती. जमीन स्वस्त, पाणी मुबलक, कत्तलखाना जवळ आणि दुर्गंधीबद्दल तक्रार करायला कोणी नाही. मेइशिएन जिल्ह्यातून आलेल्या हक्का लोकांनी तिथे कातडी कमावायला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धाच्या काळात बुटांना, पट्ट्यांना, खोगिरांना मागणी वाढली आणि धंदा जमला. दुसऱ्या महायुद्धात तो फोफावला.

या कामाची जागा रिकामी का होती, हा टांगऱ्याच्या गोष्टीतला मुख्य मुद्दा आहे. मेलेल्या जनावराचं कातडं सोलणं, चुन्यात भिजवणं, केस आणि मांस खरवडणं ही कामं हिंदू समाजाने अस्पृश्यांवर ढकललेली. आपल्याकडे कातडं कमावण्याचं काम ढोर समाजावर होतं. सवर्ण भांडवलदार या धंद्यात पैसा घालायला बिचकत आणि ज्यांना हे काम येत होतं त्या दलित कारागिरांकडे भांडवल नव्हतं. हक्का लोकांना हा विटाळ लागू नव्हता, कारण ते या उतरंडीच्या बाहेरचे होते. त्यांनी कुटुंबाची बचत आणि नात्यातली उसनवारी यांवर कारखाने उभे केले. हाताखाली बिहारमधून आलेले चर्मकार आणि मुसलमान मजूर ठेवले. एलन ऑक्सफेल्ड या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1980 च्या दशकात टांगऱ्यात राहून या कुटुंबांचा अभ्यास केला. त्यांच्या पुस्तकात या धंद्याची घडी दिसते: खाली पिंपं आणि हौद, वर घर, भावाभावांच्या वाटण्या, बायकांचा हिशेबावर आणि मजुरांवर चालणारा हात, उंच भिंतींच्या आत राहणारं सगळं जग. हक्का माणसं सचोटीची आणि कष्टाळू होती म्हणून यशस्वी झाली, असं लिहायची पद्धत आहे. कष्ट त्यांनी केलेच. पण तेवढेच कष्ट करणारा बिहारी मजूर त्याच आवारात पन्नास वर्षं मजूरच राहिला. जातीने मोकळ्या ठेवलेल्या जागेत बाहेरचा माणूस मालक झाला आणि जातीतला माणूस हौदातच राहिला. ही गोष्ट टांगऱ्याच्या कौतुकात सहसा कोणी सांगत नाही.

जपानने चीनवर हल्ला केल्यावर आणि पुढे 1949 च्या क्रांतीच्या आगेमागे आणखी कुटुंबं आली. शाळा निघाल्या, चिनी वर्तमानपत्रं निघाली. तूंग ऑन चर्चच्या इमारतीत खालच्या मजल्यावर नानकिंग हे रेस्टॉरंट चाले आणि तिथे जेवणं हा कलकत्त्यात मानाचा भाग होता. शहरातली चिनी लोकसंख्या वीस हजारांच्या घरात गेल्याचं सांगतात. मग 1962 उजाडलं.

20 ऑक्टोबर 1962 ला सीमेवर युद्ध पेटलं आणि महिनाभरात, 21 नोव्हेंबरला, थांबलं. भारतातल्या चिनी माणसांसाठी मात्र ते पुढे कित्येक वर्षं चाललं. भारत संरक्षण कायद्याखाली शत्रुराष्ट्राच्या वंशाचा असल्याच्या नुसत्या संशयावरून कोणालाही स्थानबद्ध करता येऊ लागलं. आसाममधलं माकुम, शिलाँग, दार्जिलिंग, कालिम्पाँग इथून चिनी कुटुंबं पोलिसांनी उचलली. अनेकांचा जन्म इथलाच होता, काहींच्या आया आसामी किंवा खासी होत्या. म्हातारी माणसं, गरोदर बायका, तान्ही मुलं यांच्यासह त्यांना आगगाडीत घालून राजस्थानात देवळीला नेलं. सुमारे तीन हजार माणसं त्या छावणीत होती. ही छावणी मराठी वाचकाला अगदी अनोळखी नाही. इंग्रजांनी 1940-41 मध्ये कॉम्रेड डांगे आणि रणदिवे यांना, तसंच जयप्रकाश नारायण यांना तिथेच कोंडलं होतं. स्वतंत्र भारताने ती पुन्हा उघडली आणि तिच्यात चहामळ्यांतले सुतार, बूट शिवणारे आणि शाळकरी मुलं भरली. 1963 मध्ये चीनने पाठवलेल्या जहाजांतून दोन हजारांहून अधिक लोक, ज्यातल्या कित्येकांनी चीन कधी पाहिलाही नव्हता, मद्रासहून तिकडे गेले. उरलेल्यांतले शेवटचे 1967 पर्यंत देवळीत होते. बाहेर आले तेव्हा घरं, दुकानं लिलावात गेलेली होती.

कलकत्त्याच्या चीनेपाड्यातून त्या मानाने कमी लोक देवळीला गेले. तिथला त्रास वेगळ्या तऱ्हेचा होता. पोलिसांत ठराविक मुदतीने हजेरी, शहराबाहेर जायला परवानगी, बदललेल्या नजरा. गोदीत सुतारकाम करणाऱ्यांची कामं गेली. बँक ऑफ चायनाची शाखा बंद झाली. नागरिकत्वासाठी माणसं पुढची दशकं खेटे घालत राहिली. ज्याला जमलं त्याने बाड-बिस्तरा आवरला. आज टोरांटोमध्ये ‘हक्का’ म्हटलं की लोकांना आठवतं ते चिली चिकन आणि मांचुरियन, कारण तिथली हक्का हॉटेलं कलकत्त्याहून गेलेल्यांनी काढली.

टांगऱ्यावर दुसरा घाव पडला तो न्यायालयातून. कारखान्यांतलं क्रोमियम मिसळलेलं पाणी पूर्वेच्या दलदलीत आणि मत्स्यतळ्यांत जात होतं. पर्यावरणवादी वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये टांगरा, तिलजला, तोपसिया आणि पगला डांगा इथले साडेपाचशेच्या आसपास कातडी कारखाने शहराबाहेर बानतल्याला हलवायचा आदेश दिला. आदेश योग्यच होता. ते पाणी कोणाच्या पोटात जायचं हे उघड होतं. पण धंदा हलवणं म्हणजे घर हलवणं असं जिथे होतं, तिथे अनेक चिनी कुटुंबांनी बानतल्याला न जाता कॅनडाचा रस्ता धरला. जे राहिले त्यांनी कारखान्याची आवारं हॉटेलांना आणि सॉसच्या उत्पादनाला दिली. आज लोक टांगऱ्याला चायनाटाउन म्हणून जेवायला जातात, तेव्हा जिथे बसतात तिथे पूर्वी बरेचदा कातडी वाळत असत. त्याच भागात चिनी लोकांनी बांधलेलं कालीचं देऊळ आहे आणि तिथे देवीला नूडल्सचा नैवेद्य असतो.

खाण्याबद्दल सगळेच लिहितात, म्हणून थोडक्यात. रविवारी पहाटे पोद्दार कोर्टाजवळ न्याहारीचा बाजार भरतो: वाफवलेले पाव, सुई माई, माशांच्या गोळ्यांचं सूप, चिनी सॉसेज. आता विकणाऱ्यांत चिनी चेहरे थोडे. आणि महाराष्ट्राशी इथला सर्वांत ठळक दुवाही खाण्याचाच आहे. कलकत्त्यात जन्मलेले नेल्सन वांग मुंबईत आले, 1975 मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची, सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घेऊन चिकन मांचुरियन केलं आणि 1983 मध्ये केम्प्स कॉर्नरला चायना गार्डन उघडलं. आज तालुक्याच्या एस. टी. स्टँडबाहेर चायनीजच्या गाडीवर जे मिळतं त्याची वंशावळ अशी टांगरा-टिरेटा बाजाराशी पोचते. चिनी घरात रोज जे शिजतं त्याच्याशी मात्र तिचा फारसा संबंध नाही.

दुसरा दुवा फार कमी मुंबईकरांना माहीत असतो. माझगावात, डॉकयार्ड रोड स्टेशनजवळच्या एका गल्लीत सी यप कून हे 1919 सालचं चिनी देऊळ आहे. नाव पाहा: सी यप म्हणजे तेच चार जिल्हे, छातावाला गल्लीतल्या सी इप चर्चचे. तिकडे खिदिरपूरची गोदी, इकडे माझगावची. एकाच मुलखातली माणसं दोन बंदरांत उतरली आणि दोन्हीकडे त्यांनी आधी गाववाल्यांची खोली आणि देव यांची सोय केली. मुंबईतली वस्ती शुक्लाजी स्ट्रीट आणि माझगावात विखुरलेली होती. 1962 नंतर तीही पांगली.

आता कलकत्त्यात दोन हजारांच्या आसपास चिनी उरलेत असं म्हणतात. 1969 साली सुरू झालेलं तिथलं शेवटचं चिनी वर्तमानपत्र 2020 मध्ये करोनाच्या काळात बंद पडलं. चर्चांची डागडुजी झाली आहे, एका रस्त्याला सन यत्-सेन यांचं नाव आहे, दुसऱ्याला लेखक लू शुन यांचं. परिसर सुशोभित करून पर्यटकांसाठी चायनाटाउन उभं करायच्या योजना अधूनमधून निघतात. त्यांत कमान, दिवे, खाऊगल्ली असं सगळं असतं. या वस्तीला कमानीने कधीच जिवंत ठेवलं नव्हतं. सुताराचा रंधा, मोच्याची आरी आणि कातड्याचं पिंप यांनी ठेवलं होतं. ते गेले, आणि निम्मे तरी आपण घालवले.

तुम्ही गेलात तर न्याहारी जरूर करा, पण मग तसेच दामझेन लेनमध्ये शिरा, चर्चची दारं उघडी असतील तिथे चपला काढून आत जा, राखणदाराशी बोला. जमलं तर अछीपूरलाही जा. आणि जाण्यापूर्वी जॉय मा आणि मुंबईचे दिलीप डिसूझा यांनी मिळून लिहिलेलं ‘द देवळीवालाज’ हे पुस्तक वाचा. जॉय मा यांचा जन्मच देवळीच्या छावणीतला. तिथून सुटून कॅनडात स्थायिक झालेल्यांच्या संघटनेने भारत सरकारकडे मागणी केली आहे: झालं ते चुकलं, एवढं लेखी म्हणा. तीत ना भरपाईचा आकडा आहे, ना कोणाला शिक्षेची मागणी. तेव्हाची मुलं आता सत्तरीच्या आसपास आहेत आणि मोठी माणसं बहुतेक गेली. उरलेल्यांच्या हयातीत ते पत्र निघालं पाहिजे.